पत्रूभाऊंचा डबा आणि मशीनच्या आतलं मशीन

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. त्यात २००६ चा दसरा रमजानमध्ये आला होता. म्हणजे त्या दिवशी मी उपाशी होतो, तहानलेला होतो आणि मोहटोलीच्या राइस मिलमध्ये अशा एका मशीनची पूजा करून घेत होतो, जी अजून आलीच नव्हती.

मोहटोली म्हणजे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या तालुक्याच्या गावापासून नऊ किलोमीटरवरचं धानपट्ट्यातलं गाव. एक तलाव, त्याच्या बांधाला लागून मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं, एक शाळा आणि बाबुलालशेठची मिल. मिलच्या बॉयलरवर वाफेचा भोंगा होता. आठला कामावर, बाराला जेवण, एकला परत, पाचला सुट्टी. मोहटोलीत घड्याळं पुष्कळ होती, पण ती सगळी भोंग्याची नोकर होती. आठचा भोंगा झाला की लोक जिथे असतील तिथे थांबायचे, मनगट वर करायचे आणि काटे आठावर आणून ठेवायचे. भोंगा चुकू शकतो हा विचार त्या गावात कुणाच्या डोक्यात आला नव्हता.

भोंग्याची साखळी ओढायचे पत्रूभाऊ. एकतीस वर्षं तेच. पुढच्या पोळ्याला त्यांना साठ पूर्ण होऊन ते घरी बसणार होते. पण शेठना तेवढा दम नव्हता. त्यांनी कुठल्याशा मोठ्या मिलमध्ये कंप्युटरवर चालणारं काहीतरी पाहिलं होतं आणि आपलाही भोंगा कंप्युटरनेच वाजला पाहिजे असं घेतलं होतं मनावर. एक महिना मशीनने भोंगा नीट वाजवला, की पत्रूभाऊंची रवानगी कोंड्याच्या गोदामात. धानाच्या कोंड्याची धूळ काय असते ते त्या गोदामातून पाच मिनिटांत खोकत बाहेर आलेल्यालाच विचारावं. पत्रूभाऊंची छाती मुळातच सुईसुई वाजायची. ते तिथे दहा महिने काढू शकणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, मलाही. मी ते मनाच्या मागच्या खोलीत ढकलून दार लावून घेतलं होतं, कारण हे काम जमलं तर शेठ आणखी चार मिलवाल्यांकडे माझं नाव सांगणार होते.

माझं नाव ताबिश. चंद्रपूरला जटपुरा गेटजवळ अब्बांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. फारूक घडीवाले म्हटलं की कुणीही दाखवेल. मी पॉलिटेक्निक करून त्याच दुकानाच्या माळ्यावर कंप्युटर मांडून बसलो होतो. शेठच्या भोंग्यासाठी मी तळहाताएवढं एक बोर्ड पुण्याहून मागवलं आणि त्यावर चालेल असं लिनक्स, म्हणजे कंप्युटरला चालवणारा मूळ प्रोग्राम, तयार करायला घेतलं.

लिनक्स पूर्ण घेतलं तर ते लग्नाच्या वऱ्हाडासारखं येतं, सोबत काय काय असेल सांगता येत नाही. मला हवा होता एकट्या माणसाचा डबा. मग एकेक काढत गेलो. प्रिंटर काढला, माउस काढला, स्क्रीन काढला, आवाज काढला. एकदा चुकून असं काहीतरी काढलं की ते सुरूच होईना, ते परत घातलं. प्रत्येक वेळी सगळं नव्याने कंपाइल व्हायला नऊ तास लागायचे आणि आठव्या तासाला लोडशेडिंग यायचं. तीन महिन्यांनी चार एमबीचं काहीतरी उरलं, ज्याला एवढंच येत होतं: जागं व्हायचं, वेळ पाहायची, ठरल्या वेळी वाफेचा व्हॉल्व उघडायचा आणि गप्प बसायचं. मला ते फार आवडलं. असा स्वभाव मला माझाही हवा होता.

सगळं तयार झालं आणि बोर्डच आलं नाही. कुरिअरवाला रोज म्हणायचा, नागपूरपर्यंत आलंय. इकडे शेठनी दसऱ्याचा मुहूर्त धरलेला. खंडेनवमीला आणि दसऱ्याला मिलमधल्या प्रत्येक यंत्राला हळद-कुंकू लागतं. नवं यंत्र त्या दिवशी चालू झालं नाही तर वर्षभर कुरकुरतं, असं शेठचं ठाम मत. मग मी एम्युलेटर वापरला. म्हणजे मिलच्या ऑफिसातल्या कंप्युटरवर एक प्रोग्राम चालवला, जो ते बोर्ड असल्याची बतावणी करतो. माझ्या लिनक्सला वाटतं आपण खऱ्या बोर्डावर बसलोय. मागून एक वायर काढून ती व्हॉल्वला जोडली.

पूजेला सगळी मिल जमली. पत्रूभाऊ सगळ्यात पुढे.

"मशीन कुठी आहे?" त्यांनी विचारलं.

"कंप्युटरच्या आत," मी म्हणालो.

"कंप्युटर त मशीनच होय न?"

"हो."

"मंग मशीनच्या आत आनखी मशीन काऊन घातली?"

"ती खरी नाई, पत्रूभाऊ. खरी अजून यायची आहे. तोवर हा तिच्यासारखा वागून राह्यला."

पत्रूभाऊंनी थोडा विचार केला. "दंडारीच्या खेळात बाई नसते, त पोट्टा लुगडं नेसून नाचते. तसं म्हन न."

मला इतका राग आला की विचारू नका. तीन महिने मी हेच लोकांना समजावत होतो आणि एकालाही समजलं नव्हतं, आणि हा माणूस एका वाक्यात मोकळा झाला.

"लुगडं घट्ट नेसव म्हंजे झालं," ते म्हणाले आणि मागे जाऊन उभे राहिले.

पोतं शिवणाऱ्या आशाबाईंनी हळद-कुंकू लावलं. कंप्युटरला नको, आतल्या मशीनलाच लावा, असं शेठ म्हणाले, म्हणून त्यांनी पडद्याच्या काचेवर बरोबर एम्युलेटरच्या काळ्या चौकटीवर पाच बोटं उमटवली. मिलचे कारकून हरिदासभाऊ उत्साही माणूस. त्यांनी माउस धरून ती चौकट बाजूला सरकवून पाहिली. चौकट गेली, हळद तिथेच राहिली. आशाबाईंनी तोंडावर पदर घेतला. शेठ नारळ कंप्युटरच्या डब्यावरच फोडायला निघाले होते, तो मी हात धरून उंबऱ्याकडे वळवला. रोजा असल्यामुळे प्रसाद कागदात बांधून खिशात घातला आणि बाराचा भोंगा आपोआप वाजला. बायांनी हात जोडले.

निघण्यापूर्वी मी हरिदासभाऊंच्या टेबलासमोर भिंतीवर कागद चिकटवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: दर सोमवारी चांगल्या घड्याळावरून वेळ तपासा. फरक दिसला तर दुरुस्त करा. हरिदासभाऊंचं घड्याळ चावीचं, सासऱ्याने दिलेलं, मिलमधलं सगळ्यात चांगलं. मी निश्चिंत मनाने चंद्रपूरला आलो. महिनाभर फोनवर विचारत राहिलो, काही फरक? हरिदासभाऊ म्हणायचे, एका मिनिटाचा नाई. मी अब्बांना ऐकू जाईल असं मोठ्याने "एका मिनिटाचा नाही?" म्हणायचो.

दिवाळी झाली, ईद झाली आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुण्याचं बोर्ड एकदाचं आलं. ते पिशवीत घालून मी मोहटोलीला गेलो. महिना भरला होता. शेठ त्या दिवशी सगळ्यांसमोर निकाल देणार होते.

जीपमधून उतरलो तेव्हा पावणेबारा झाले होते. शाळेसमोर गुरुजी एकटेच फाटकाला टेकून उभे. ते मूलहून मोटरसायकलने येतात. मला पाहून म्हणाले, "या गावातले पोट्टे एका महिन्यात बिघडले. सगळेच्या सगळे उशिरा येतात, अन् बाप येऊन मलेच म्हणते, गुरुजी, तुम्ही येवढ्या लवकर काऊन येता." मी मान डोलावली. माझं लक्ष माझ्या चार मिलवाल्यांकडे होतं.

मिलच्या दारात आशाबाई भेटल्या. घरचे कसे आहेत विचारलं तर म्हणाल्या, "नवऱ्याची रोज कटकट आहे बाबू. मासोळी घेऊन रोडवर जाते त मूलची जीप निघून गेली राह्यते. ड्रायव्हर लय माजला, टायमाच्या आधी सोडते. अन् टीवीवालेबी तसेच. सिरियल लावतो त अर्धी होऊन गेली राह्यते." मग आभाळाकडे पाहत त्या म्हणाल्या, "यंदा थंडीबी वेगळीच आहे. सकाळी लवकर उजाडते, अन् पाचच्या सुट्टीले पाहा त अंधार."

ऑफिसात हरिदासभाऊ कंप्युटरवर पिक्चर पाहत होते. मला पाहून त्यांनी तो थांबवला नाही, फक्त आवाज कमी केला. "मूलच्या दुकानातून रोज एक सीडी आनतो," ते म्हणाले. "मशीन त आतल्या आत चालून राह्यली, बाहेरचा पडदा रिकामाच असते न." मग खणातून एक कागद काढला. "हे पाहा. शेठनं सांगितलं, पत्रूभाऊवर ध्यान ठेव. जळते तो मशीनवर. रोज भोंग्याच्या आधी जेवनाचा डबा उघडते, मुद्दाम. अन् रोज जास्त आधी."

कागदावर महिन्याची नोंद होती. पहिल्या दिवशी पत्रूभाऊंनी डबा भोंग्याआधी दीड मिनिट उघडला. दुसऱ्या दिवशी तीन. मग साडेचार. रविवारी मिल बंद. दिवाळीचे तीन दिवस आकडा जिथल्या तिथे.

"दिवाळीत सुधारले वाटते," मी म्हणालो.

"काय माहीत. मी सुट्टीवर होतो, आशाबाईनं लिहिलं."

मी खिडकीतून पाहिलं. बॉयलरजवळ पत्रूभाऊंनी डबा उघडला. माझ्या घड्याळात बरोबर बारा झाले होते. भोंगा वाजला नाही. पत्रूभाऊ शांतपणे भात कालवायला लागले. मी थांबलो. सव्वाबारा झाले. साडेबारा झाले. पिक्चरमधली नायिका रडून, रुसून, हसून परत रडायला लागली. बारा त्रेचाळीसला भोंगा वाजला आणि मिलमधल्या सगळ्या मनगटांवर एकदम बारा झाले.

मी ऑफिसातल्या फोनवरून दुकानात फोन लावला.

"अब्बा, किती वाजले?"

"घडीवाल्याचा मुलगा," अब्बा म्हणाले, "माझ्या हातची घडी घालून, चंद्रपूरला फोन करून टाइम विचारतो. एक वाजायला सोळा मिनिटं कमी. ठेव आता."

मग सगळं एकदम समजलं. पिक्चर चालू झाला की कंप्युटर त्याच्यात गुंतायचा आणि माझ्या आतल्या मशीनच्या वाट्याला येणारी टिकटिक मधूनच गळायची. एका पिक्चरमागे दीड मिनिट. हरिदासभाऊ सुट्टीवर, तर पिक्चर नाही, तर फरक नाही. भोंगा मागे पडला, भोंग्याबरोबर गाव मागे पडलं, गावाबरोबर हरिदासभाऊंचं चावीचं घड्याळ मागे पडलं आणि त्याच घड्याळावरून ते दर सोमवारी भोंगा तपासत होते.

"पण कंप्युटरच्या कोपऱ्यात वेळ दिसते," मी म्हणालो. "ती तर बरोबर असेल."

"ते?" हरिदासभाऊ हसले. "ते लय पुढं पळून राह्यलं होतं. दर सोमवारी मीच मागं घेतो. तुमच्या कागदावर लिहिलं आहे न."

अख्ख्या मोहटोलीत बरोबर वेळ सांगणाऱ्या दोनच गोष्टी होत्या. एक या माणसाने माझ्याच लेखी आदेशावरून दर सोमवारी बिघडवली होती. दुसरी होती पत्रूभाऊंचं पोट.

खरं सांगतो, पहिला विचार गप्प बसायचा आला. पिशवीत खरं बोर्ड होतं. ते बसवायचं, निकाल माझ्या बाजूने लागू द्यायचा आणि मग बघू. गावात एकालाही कळलं नसतं. मी बोर्ड बाहेरसुद्धा काढलं.

तेवढ्यात शेठनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. हरिदासभाऊंचा कागद हातात घेऊन ते म्हणाले, "पत्रूभाऊ, तुमचा मान ठेवून सांगतो. मशीन एक महिना बरोबर वाजली. तुम्हाले मात्र टायमाचं भान राह्यलं नाई. चाळीस-चाळीस मिनिटं आधी जेवून राह्यले. उद्यापासून कोंड्याच्या गोदामात जा."

"मले भूक लागते तेव्हा बारा वाजते, शेठ," पत्रूभाऊ म्हणाले. "एकतीस वर्षं झाली."

लोक हसले. आशाबाईसुद्धा हसल्या. पत्रूभाऊ डब्याचं झाकण लावू लागले आणि ते एका बाजूने बसेना. मला त्या झाकणाचा राग आला, हसणाऱ्यांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला.

"शेठ, पत्रूभाऊ बरोबर आहेत," मी म्हणालो. "मशीन चुकली. त्रेचाळीस मिनिटं मागे आहे."

शेठनी स्वतःचं घड्याळ पाहिलं. मग हरिदासभाऊंचं. मग मुकादमाचं. "सगळ्यायच्या घड्याळात साडेबारा," ते म्हणाले. "सत्तर मानसं चुकीची अन् पत्रूभाऊचं पोट बरोबर?"

"बाहेरगावी फोन करून पाहा."

शेठनी साळ्याला गडचांदूरला फोन लावला. साळा म्हणाला, सव्वा वाजायला आला. शेठनी फोनवर हात ठेवून सांगितलं, "गडचांदूरले सिमेंटचे कारखाने आहेत. तिथं घाई राह्यते." मग मूलच्या धान्यबाजारात फोन केला. तिथेही सव्वा. मग चंद्रपूरला व्याह्यांना. शेठनी फोन ठेवला आणि गंभीर होऊन म्हणाले, "सारा जिल्हा पुढं निघून गेला."

त्यांना पुरतं पटायला आणखी दहा मिनिटं लागली. पटल्यावर ते आधी हरिदासभाऊंवर ओरडले, मग माझ्यावर, मग परत हरिदासभाऊंवर. मी पिक्चरचं सगळं सांगितलं. त्यावर मुकादमाने एवढंच विचारलं की पिक्चर कोणकोणते होते.

"ठीक आहे," शेठ म्हणाले. "उद्या सकाळी भोंगा खऱ्या आठले. विषय खतम."

"खतम कसा?" आशाबाई पुढे आल्या. "म्हंजे आमी त्रेचाळीस मिनिटं आधी उठायचं? थंडीत? गलती हरिदासभाऊची अन् झोप आमची?" बाकीच्या बायाही उठल्या. वाद वाढला. एकीने तर जिल्ह्यालाच मागे घ्या म्हणून सुचवलं. शेवटी असं ठरलं की झटका नको, गाव हळूहळू पुढे आणावं, कुणाला जाणवणार नाही असं.

शेठ माझ्याकडे वळले. "तुह्या मशीनले हे जमते काय? थोडं थोडं पुढं सरकवाचं?"

जमत होतं. एका ओळीचं काम होतं. ती ओळ माझ्या डोक्यात लिहूनही झाली होती, बोर्ड हातातच होतं आणि एवढ्या गोंधळानंतरही शेठनी ते विकत घेतलं असतं. पत्रूभाऊ अजून त्या झाकणाशी झटत होते. माझ्याकडे पाहत नव्हते.

"नाई जमत, शेठ," मी म्हणालो. "मशीनले एकच येते, ठरल्या टायमाले वाजवनं. असं मोजून-मापून चुकीचं वाजवाले मानूसच लागते."

चार मिलवाले माझ्या डोळ्यांसमोरून हात हलवत निघून गेले. वाईट वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं.

सगळे पत्रूभाऊंकडे पाहू लागले. त्यांनी डबा बाजूला ठेवला.

"करतो," ते म्हणाले. "पन आठवड्याले एकच मिनिट. त्याच्यावर केलं त बायायच्या ध्यानात येते."

हरिदासभाऊ उत्साही माणूस, हे मी सांगितलंच आहे. ते बोटांवर महिने मोजायला लागले. "त्रेचाळीस मिनिटं, त्रेचाळीस आठवडे," ते म्हणाले. "म्हंजे थेट पोळाच येते."

पोळ्याला पत्रूभाऊ साठ पूर्ण करून घरी बसणार, हे अंगणात सगळ्यांना माहीत होतं. शेठनी पत्रूभाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हातातल्या बोर्डाकडे. त्यांना किती समजलं देव जाणे. मिल चालवणारा माणूस अगदीच भोळा नसतो. "पोळा त पोळा," ते म्हणाले आणि आत गेले.

मी व्हॉल्वची वायर काढली. पत्रूभाऊंनी साखळीवरची महिन्याभराची धूळ धोतराच्या सोग्याने पुसली.

"जमत होतं न तुह्या मशीनले?" त्यांनी साखळीकडेच पाहत विचारलं.

"एका ओळीत."

"मंग चूप राह्य आता," ते म्हणाले. "तुह्या घड्याळात पाहून सांग."

गावाचा एक वाजायचा होता, म्हणजे खरे एक त्रेचाळीस. मी मनगट वर धरून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. एक बेचाळीस झाले, मी सांगितलं आणि पत्रूभाऊंनी साखळी ओढली.